गाडी बंद पडली, आता फोन कुणाला करायचा?

आज गाडीबद्दल बोलायचं आहे. ‘आमच्या दारात कुठे गाडी?’ म्हणून रेडिओचा कान पिळू नका. गटाचा माल पुण्याला जातो तो पिकअपमधून आणि देवदर्शनाला आपण जातो त्या भाड्याच्या ट्रॅव्हलरमधून. गाडी दुसऱ्याची असली, तरी ती बंद पडली की रस्त्यावर उभ्या राहतो आपणच.

मागच्या हिवाळ्यात आम्ही अशाच उभ्या राहिलो. पुण्यातल्या प्रदर्शनासाठी पापड, कुरडया आणि तांदळाची पोती भरून भोरकडून पहाटे निघालो होतो. खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकला, कात्रजच्या नव्या बोगद्याचा चढ सुरू झाला आणि क्लचचा जळका वास आला. मग गाडी हलेचना. आम्ही पाचजणी, ड्रायव्हरभाऊ, मिट्ट काळोख आणि अंगावरून जाणारे ट्रक. थोड्या वेळानं एक क्रेनवाला आपणहून आला आणि चार हजार रुपये मागितले. घासाघीस करायची सोय नव्हती. पैसे गटाच्या पेटीतून गेले.

गावी परतल्यावर मालकानं गाडीचे कागद काढले, तर विम्यातच ‘रोडसाइड असिस्टन्स’ म्हणजे रस्त्यावरच्या मदतीची सोय होती. पैसे भरलेले, पॉलिसी गाडीच्या कप्प्यात, पण कुणाला ठाऊकच नाही!

ही सोय म्हणजे काय? मूळ विम्यावर थोडे जादा पैसे भरून ती घेता येते. नव्या गाडीबरोबर कंपनीही बहुधा पहिली काही वर्षं अशी मदत देते. बॅटरी उतरली, टायर पंक्चर झाला, डिझेल संपलं, किल्ली आत राहिली, की दिलेल्या नंबरवर फोन करायचा. माणूस येतो. जागेवर काम झालं नाही, तर गाडी ओढून गॅरेजला नेतात. पण अटी असतात. किती किलोमीटरपर्यंत ओढून नेणार, वर्षातून किती वेळा येणार, हे ठरलेलं असतं. डिझेलचे आणि सुट्या भागांचे पैसे सहसा आपलेच. मोठ्या ट्रॅव्हलरला मोठी क्रेन लागते, तेव्हा ही सोय तेवढ्या गाडीला आहे का, हेही विचारायचं. घरच चाकावर घेऊन फिरणारी कॅरव्हॅन असते ना, जिच्या पर्यटनाचं धोरण आपल्या सरकारनं २०२१ मध्ये आणलं, तिच्या मालकालाही हाच प्रश्न आधी विचारावा लागतो.

विमा नसला तरी एक नंबर पाठ करून ठेवा: १०३३. राष्ट्रीय महामार्गावर कुठेही, दिवसा-रात्री हा नंबर चालतो. गस्तीची गाडी, क्रेन, रुग्णवाहिका यांची व्यवस्था त्यांच्याकडे असते. ही क्रेन गाडी रस्त्यातून बाजूला सुरक्षित जागी लावते, गावच्या गॅरेजपर्यंत पोचवणं तिचं काम नव्हे. विम्याची मदत कामाला येते ती इथून पुढे. महामार्ग सोडून आतल्या रस्त्यावर अडकलात तर ११२, आणि कुणाला लागलं असेल तर १०८. फोनवर ‘कात्रजजवळ’ एवढं सांगून भागत नाही, कारण कात्रजला जुना घाट वेगळा आणि नवा बोगदा वेगळा. कुठल्या रस्त्यावर आहात, तोंड पुण्याकडे की साताऱ्याकडे, बोगद्याच्या अलीकडे की पलीकडे, आणि कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा, एवढं सांगा.

मदत येईपर्यंत गाडीत बसून राहू नका. आम्ही थंडी म्हणून बसलो होतो, आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. चारी दिवे लुकलुकते ठेवा, लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा आणि सगळ्याजणी कठड्यापलीकडे उभ्या राहा. इंजिन तापलं असेल तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू देऊ नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं.

बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका मोठ्या मालवाहू गाडीमुळे चाळीसहून अधिक गाड्यांचं नुकसान झालं. डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर उतारावर इंजिन बंद करतात किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारा जोर संपतो. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरेनासे होतात. आपला ड्रायव्हर असं करताना दिसला तर सरळ बोला, ‘भाऊ, गाडी खालच्या गिअरमध्ये घ्या.’ तो रागावला तर रागावू दे.

आता आमच्या गटात भाडं ठरवताना आधी विम्याचा कागद मागतो. मदतीचा नंबर आणि पॉलिसीचा फोटो दोघींच्या मोबाइलमध्ये असतो, म्हणजे एकीची बॅटरी संपली तरी अडत नाही. एका गाडीमालकानं विचारलं, ‘ताई, गाडी तुम्ही चालवणार आहात का?’ त्याची गाडी आम्ही घेतली नाही.