श्यामच्या आईचा चेहरा

पुस्तकावरून चित्रपट निघाला की मूळ कृतीस न्याय मिळाला किंवा कसे, एवढीच चर्चा आपल्याकडे बहुधा होते. वाचकाच्या स्वत्वाच्या जाणिवेत त्यामुळे काय पालट होतो, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. ‘श्यामची आई’ या कृतीच्या आधारे त्याचा येथे थोडा विचार करू.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातील आई आपल्याला भेटते ती श्यामच्या तोंडून. आश्रमातील मित्रांना तो रात्रीमागून रात्र तिच्या आठवणी सांगतो. न्हालेल्या श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई धोंड्यावर आपले ओचे पसरते, तेव्हा वाचकास आपल्याच घरची न्हाणी दिसते आणि आपलीच आई आठवते. पुस्तकातील आईचा चेहरा असा ज्याचा त्याने पुरवावयाचा असतो.

१९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यास लाभले. आईची भूमिका वनमालाबाईंनी केली. त्यांचा जन्म उज्जैनचा. २००७ मध्ये त्यांचे देहावसान झाले ते ग्वाल्हेरीस. कोकणातल्या आईला पडद्यावर चेहरा मिळाला तो माळव्यात जन्मलेल्या मराठी स्त्रीचा! मराठीपण मातीइतकेच बोलीत आणि घरच्या संस्कारांत नांदते, याची याहून बोलकी साक्ष कोणती?

चित्रपटाचा आणखी एक उपकार मानला पाहिजे. बडोद्यास गुजराती किंवा बेळगावास कन्नड शाळेत शिकणारे मराठी मूल घरची भाषा समजते, परंतु वाचताना पुष्कळदा अडखळते. लिपीचा हा उंबरठा चित्रपट सहज ओलांडतो.

तथापि पडद्यावर एकदा पाहिलेला चेहरा मनातील आईची जागा घेतो, ही त्याची किंमत होय. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट केला, तेव्हा ही आई नव्या चेहऱ्याने आली. यावरून कोणताही एक चेहरा अखेरचा नव्हे, हे ध्यानी येते.

म्हणून पालकांस आमचे सांगणे एवढेच, की मुलांना चित्रपट अवश्य दाखवावा. पण त्यानंतर रोज रात्री पुस्तकातील एकेक आठवण मोठ्याने वाचून दाखवावी. पुस्तक मुळी सांगण्याच्याच रूपात लिहिलेले आहे. ज्यास वाचता येत नाही त्यासही ऐकता येते, आणि ऐकता ऐकता त्याला स्वतःच्या आईचा चेहरा पुन्हा दिसू लागतो.