आयबीएम १४०१ : कंपनी गेली, यंत्रं राहिली

भाईंदर पश्चिमेहून लोकल पकडणाऱ्यांच्या फोनला आज ४ जीबी रॅमही कमी पडते. आयबीएम १४०१ या जुन्या संगणकाची मेमरी मात्र जास्तीत जास्त १६ हजार अक्षरांची, म्हणजे सुमारे अडीच लाख पट कमी होती!

१९५९मध्ये बाजारात आलेलं हे यंत्र भोकं पाडलेल्या कार्डांवरून हिशेब वाचायचं. मुंबईत एस्सो या तेल कंपनीने ते १९६१मध्ये बसवलं. १९७१मध्ये आयबीएमने ही मालिका बंद केली. भारतात मात्र वापरलेली यंत्रं दुरुस्त करून भाड्याने दिली जात.

परकीय भागीदारी ४० टक्क्यांवर आणण्याची सरकारी अट नाकारून आयबीएम १९७८मध्ये भारतातून बाहेर पडली. मग देखभाल कोणी केली? सीएमसी या सरकारी कंपनीतल्या भारतीय अभियंत्यांनी.