डोक्यातील उवा : लाज नको, फणी हवी

मराठीत एकाक्षरी नामे फार थोडी आहेत. त्यांतले एक म्हणजे 'ऊ'. संस्कृतातील 'यूका' झिजत झिजत एका अक्षरावर आली आणि 'लिक्षा'ची 'लीख' झाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीच्या मापांचे कोष्टक आहे. त्यात आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा एक यवमध्य आणि आठ यवमध्यांचे एक अंगुळ असा हिशेब मांडला आहे. मापासाठी दाखला द्यावा इतकी ही जात त्या काळी सर्वांच्या परिचयाची होती. आमच्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात तर तिला तीन नावे आहेत. मराठी घरात ती ऊ, कानडी घरात हेनु आणि दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्याकडे जूं. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, कोठेही जा; मुले डोक्याला डोके लावून चिंचोके खेळतात आणि ऊ भाषेचा भेद न मानता या डोक्यावरून त्या डोक्यावर जाते.

इतकी जुनी ओळख असूनही तिचे नाव घरात कुजबुजतच घेतले जाते. मुलगी चार दिवस शाळेत दिसली नाही की ताप आल्याचा निरोप येतो. पाचव्या दिवशी ती ओढणीने डोके घट्ट बांधून, मान खाली घालून मागच्या कोपऱ्यात बसते, तेव्हा खरे कारण कळते. डोके भादरलेले असते. त्यातून ती शेतमजुराची मुलगी असेल, तर शेजारच्या मुली बाक बदलून घेतात आणि तो दुरावा पुढे महिनोन् महिने टिकतो. शिक्षकी पेशात अशा कितीतरी मुली पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. उवांमुळे मुलांचे होते त्याहून अधिक नुकसान उवांच्या लाजेमुळे आणि त्या लाजेपोटी घाईने केलेल्या अघोरी उपायांमुळे होते.

ऊ कशी जगते?

शत्रूचा स्वभाव कळला की निम्मे काम झाले. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, २ ते ३ मिलिमीटर लांबीची असते. तिला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. ती केसाला धरून चालते, म्हणूनच डोके डोक्याला लागल्याखेरीज ती सहसा पसरत नाही. दिवसातून अनेकदा रक्त शोषल्यावाचून ती जगत नाही, आणि डोक्यावरून खाली पडली तर एकदोन दिवसांत मरते. मादी साधारण महिनाभर जगते आणि रोज सहा ते आठ लिखा घालते. लीख टाळूलगत केसाला डिंकासारख्या द्रव्याने इतकी पक्की चिकटते की धुण्याने ती निघत नाही. सात ते दहा दिवसांत लीख फुटून पिलू बाहेर येते, आणि त्याला स्वतः लिखा घालण्याइतके मोठे होण्यास आणखी नऊ ते बारा दिवस लागतात. हे आकडे मातांनी ध्यानात ठेवावेत; सगळा उपचार त्यांवरच उभा आहे.

डोक्यातील ऊ कोणताही मोठा रोग पसरवीत नाही. प्रलापक सन्निपात, म्हणजे टायफस, पसरवते ती अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ. हे शार्ल निकोल या फ्रेंच वैद्याने १९०९ साली ट्युनिस येथे दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना १९२८ सालचे नोबेल पारितोषिक लाभले. डोक्यातील उवेचा त्रास वेगळा. खाज, अपुरी झोप, खाजवून पडलेल्या जखमा, त्यांत होणारा पू आणि मानेमागे सुजलेल्या गाठी. हा त्रासही लहान नव्हे, पण तो बरा होणारा आहे.

उवा होणे हे अस्वच्छतेचे लक्षण नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. चरकसंहितेत अस्वच्छता हेच उवांचे कारण म्हटले आहे. आजचे शास्त्र मात्र सांगते की स्वच्छ धुतलेल्या केसांतही ऊ तितक्याच सुखाने नांदते. चरकाने सांगितलेल्या उपचारातला पहिला शब्द मात्र आजही खरा आहे. तो शब्द 'अपकर्षण', म्हणजे ओढून काढणे.

कशा ओळखाव्यात?

पहिल्याच वेळी उवा झाल्या असतील तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणून मूल खाजवत नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नये. दर आठवड्याला न्हाऊ घालण्याच्या दिवशी मुलाला भर उजेडात बसवावे. कानांमागे आणि मानेच्या वरच्या बाजूला केस विभागून पाहावे. कोंडा बोटाने झटकला की सुटतो, लीख सुटत नाही. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे टाळूपासून एक सेंटिमीटरहून दूर असलेली लीख बहुधा रिकामे टरफल असते. चालती ऊ दिसली तरच उपचार हवा. नुसत्या दूरच्या पांढऱ्या टरफलांसाठी नव्हे.

फणीचे गणित

इस्राएलमधील लाखीश येथे सापडलेल्या एका हस्तिदंती फणीवर सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचे कनानी लिपीतील वाक्य कोरलेले असल्याचे २०२२ साली जाहीर झाले. या फणीने उवांचा नाश व्हावा, असा त्याचा आशय आहे. वर्णाक्षरांत लिहिलेल्या अतिप्राचीन वाक्यांपैकी हे एक, आणि त्याचा विषय उवा! आपल्या आठवडी बाजारात मिळणारी दाट दातांची फणी त्याच कुळातली.

केस ओले करून, किंवा भरपूर खोबरेल तेल लावून, आधी साध्या कंगव्याने गुंता सोडवावा. ओल्या वा तेलकट केसांत ऊ चपळाईने पळू शकत नाही. मग फणी टाळूला टेकवून केसाच्या टोकापर्यंत ओढावी आणि दर वेळी पांढऱ्या कापडावर पुसावी. लांब केसांना अर्धा तास सहज लागतो. हे काम पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी करावे व सतराव्या दिवशी तपासून पाहावे. लिखा एकाच दिवशी फुटत नाहीत. रविवारी फणी फिरवून सोमवारी जन्मलेले पिलू पुढच्या फेरीत सापडते, तेही त्याने लिखा घालण्याआधी. बहुतेक घरांत फणीला अपयश येते ते एकदाच फिरवून थांबल्यामुळे.

औषध हवेच असेल तर १ टक्का पर्मेथ्रिन असलेले डोक्याचे औषध दुकानात मिळते. धुऊन टिपलेल्या केसांना ते लावून दहा मिनिटांनी पाण्याने धुवावे आणि नवव्या दिवशी पुन्हा लावावे. त्याने सगळ्या लिखा मरत नाहीत, म्हणून ही दुसरी पाळी चुकवू नये. दोन महिन्यांखालील बाळाला ते लावू नये. काही ठिकाणी उवा या औषधाला दाद देत नाहीत; तशा वेळी मात्रा न वाढवता डॉक्टरांना विचारावे. घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासावीत. फण्या, उश्यांचे अभ्रे व टॉवेल कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवले की पुरे.

हे कधीही करू नका

आमचा भाग तुरीचे आगर. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी आणलेल्या फवारणीच्या औषधाची उरलेली बाटली कित्येक घरांत फळीवर असते. 'अळी मरते, मग ऊ का मरणार नाही?' हा विचार जिवावर बेततो. ही विषे टाळूच्या कातडीतून थेट रक्तात जातात. खाजवून जखमा झालेल्या असतील तर अधिकच वेगाने. डोक्याला शेतीचे कीटकनाशक लावल्याने मुले दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. असे काही लावल्यावर लाळ गळू लागली, उलटी, घाम, धाप किंवा झटके आले, बाहुल्या बारीक झाल्या, तर कपडे काढून डोके व अंग साबणाने धुवावे आणि बाटलीसह मुलाला तत्काळ दवाखान्यात न्यावे. तेथे काहीही लपवू नये. या विषावर उतारा आहे, पण डॉक्टरांना विषाचे नाव कळले पाहिजे.

रॉकेलने कातडी भाजते, आणि चुलीजवळ बसलेल्या मुलीच्या केसांना पेट घेण्याचा धोका असतो. सीताफळाच्या बियांची पूड हा जुना घरगुती उपाय. पण ती डोळ्यांत गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते. असला उपाय मुलांवर करू नये. आणि मुलीचे केस भादरणे? त्याने उवा जातात, हे खरे. पण जे काम फणीने होते त्यासाठी तिला गावभर अवहेलना सोसायला लावणे हा उपचार नव्हे, ती शिक्षा आहे.

शाळेचे कर्तव्य

उवांसाठी मुलाला घरी पाठवू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२२ सालच्या आपल्या अहवालात हेच म्हटले आहे. शाळेत कळले तेव्हा ऊ बहुधा महिनाभर तेथेच असते. एका दिवसाच्या हकालपट्टीने काय साधणार? शिक्षकांनी वर्गासमोर नाव घेऊ नये. आईला एकटीला बोलावून सांगावे आणि त्याच आठवड्यात साऱ्या वर्गाच्या घरी फणीचा निरोप द्यावा, म्हणजे बोट एकीकडेच वळत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे, म्हणजे २०१३ साली सुरू झालेल्या योजनेचे, पथक शाळेत तपासणीला येते तेव्हा डोक्यातील जखमा त्यांना अवश्य दाखवाव्यात. केस मोकळे सोडण्यापेक्षा दोन घट्ट वेण्या घालणे हिताचे. फणी व रिबिनी प्रत्येकीच्या वेगळ्या असाव्यात.

सीमाभागातील मराठी शाळेच्या पटावरची एकेक मुलगी मोलाची आहे. पुस्तक, गणवेश, दुपारचे जेवण, सारे मिळूनही ती केवळ डोक्यातल्या तिळाएवढ्या किड्याच्या लाजेने घरी बसणार असेल, तर तो दोष किड्याचा नव्हे. दर चौथ्या दिवशी अर्धा तास आणि थोडे खोबरेल एवढ्यात ती शाळेत राहते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आजच पाच खुणा करून ठेवाव्यात.