जुनी एमजी घेताना : रंगाखाली काय दडले आहे?

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना कोरेगाव भीमा मागे पडले की सणसवाडीचे कारखाने दिसू लागतात. लेथवर सुटे भाग कातणारे, पत्रा ठोकून आकार देणारे आणि मोटारी रंगवणारे कसबी हात शिरूर तालुक्याच्या या पट्ट्यात विपुल आहेत. अशा ठिकाणी एखाद्या शेडबाहेर झळाळत्या लाल रंगाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार ‘विकणे आहे’ अशी पाटी लावून उभी दिसली, तर हौशी माणसाचे पाऊल थबकणारच. मात्र अशा मोटारीची खरी परीक्षा रंगाने होत नाही. ती सांगाडा, इंजिन आणि कागदपत्रे यांनी होते.

या वर्गातील सर्वांत लाडके नाव म्हणजे एमजी. ऑक्सफर्डमधील ‘मॉरिस गॅरेजेस’ या पेढीवरून हे नाव आले आणि सेसिल किंबर यांनी ते नावारूपाला आणले. अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात ‘टीसी’ हे मॉडेल तयार झाले. १२५० सीसीचे इंजिन, तारांची उंच चाके आणि उघडी बैठक असलेल्या या मोटारी सुमारे दहा हजारच निघाल्या. टीसीचे चासिस क्रमांक ०२५१ पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक २५१ होता! अॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. एमजी हे नाव आता चीनच्या ‘सैक’ कंपनीच्या मालकीचे आहे, तर जग्वार हे दुसरे मातब्बर ब्रिटिश नाव २००८ मध्ये टाटा मोटर्सकडे आले.

टीसीचा वरचा पत्रा अॅश जातीच्या लाकडी सांगाड्यावर बसवलेला असतो. आपल्याकडील पावसाळ्यात हे लाकूड आतून कुजते आणि बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. ग्राहकाने दार अर्धे उघडून हलकेच वर उचलून पाहावे. दाराबरोबर खांबही हलला, तर लाकूड गेले असे समजावे. पत्र्यावर चुंबक फिरवावे. तो जेथे धरत नाही, तेथे रंगाखाली लांबीचा जाड थर असण्याची दाट शक्यता असते.

यंत्राचीही काही खास लक्षणे आहेत. टीसीच्या इंजिनातील बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे, पण त्यांची डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची असतात. हे ठाऊक नसलेल्या मेकॅनिकने चुकीचा पाना लावला, की डोकी गोल होतात. अशी झिजलेली डोकी दिसली, तर काम जाणकाराच्या हातून झालेले नाही हे उघड होते. चाके हबवरील खाचांवर बसून मधल्या मोठ्या नटाने आवळली जातात. चाक जॅकवर उचलून दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे आणि चाक मागे-पुढे हलवावे. ‘खट्’ असा आवाज आला, तर खाचा झिजल्या आहेत. अशी मोटार रस्त्यावर नेणे धोक्याचे असते. चारही चाकांच्या ब्रेकसाठी एकच हायड्रॉलिक वाहिनी असल्याने एक नळी फुटली तरी सगळेच ब्रेक जातात. म्हणून नळ्या नव्या आहेत ना, हे विचारणे अगत्याचे.

यानंतर कागदपत्रे. नोंदणी पुस्तकातील चासिस आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. क्रमांक घासलेला किंवा नव्याने ठोकलेला वाटला, तर व्यवहार तेथेच थांबवावा. पुष्कळदा मोटार अजूनही आजोबांच्या नावावर असते. अशा वेळी आधी नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर हस्तांतर व्हावे लागते, मगच नमुना २९ आणि ३० भरून ती ग्राहकाच्या नावावर चढते. मोटार परराज्यातील असल्यास तेथील ना हरकत प्रमाणपत्रही हवे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम अधिसूचित केले. प्रथम नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ ठरतात. नव्या नोंदणीसाठी २० हजार, तर फेरनोंदणीसाठी पाच हजार रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी मोटार रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज कामावर जाण्यासाठी किंवा भाड्याने देण्यासाठी ती वापरता येत नाही.

या नियमांतील कळीचा मुद्दा ‘मूळ रूप’ हा आहे. चासिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेली मोटार या व्याख्येबाहेर जाऊ शकते. सुटा भाग मिळत नाही म्हणून भारतीय मोटारीचे इंजिन बसवणे ही जुन्या काळची सोय होती, पण आता तीच मोटारीचे मोल घटवते. उलट मूळ इंजिनाचा झिजलेला भाग त्याच मापाने लेथवर कातून घेतला, तर मोटार मूळ रूपातच राहते. सणसवाडीसारख्या गावांतील कारागिरांचे महत्त्व नेमके येथे आहे. म्हणूनच विक्रेत्याकडे प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, बिले आणि काढून ठेवलेले जुने भाग मागावेत. जो ते आनंदाने दाखवतो, त्याच्याशी किमतीची बोलणी करायला हरकत नाही.