बरडावरची बाग

वरोऱ्याचं ऊन चंद्रपूरबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की गावाबाहेरची बरड, म्हणजे वर मुरूम आणि खाली खडक अशी जमीन, तव्यासारखी तापते. असलीच पन्नास एकर बरड सरकारने मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे नावाच्या वकिलाला कुष्ठरोग्यांसाठी दिली होती. साप, विंचू, काटेरी झुडपं, आणि पाण्याचा पत्ता नाही. चांगली काळी जमीन महारोग्यांना कोण देतो? १९५१ मध्ये बाबा, त्यांच्या पत्नी साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर तिथे आनंदवन सुरू झालं.

आज गावापासून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर रिक्षा थांबते आणि फाटकाच्या आत पाऊल टाकताच ऊन मागे राहतं.

मी डिसेंबरात गेले. उन्हाळ्यात जायची माझी हिंमत नाही. अकरा वर्षं संधिवात आहे, आणि त्याच्या गोळ्या ऊन सोसू देत नाहीत. सकाळी नऊपर्यंत बोटं माझी नसतात. कुठलीही बाग पाहायची म्हणजे आधी बाक शोधायचा, मग फुलं. नातेवाइकांबरोबर गेलं की ते पुढे निघून जातात आणि वळून वळून विचारतात, ‘येते ना?’ आनंदवनात मात्र मला कोणी तसं विचारलं नाही. इथले निम्मे लोक माझ्याहून हळू चालतात.

एका वाफ्याजवळ बसले होते. समोर सत्तरीचे एक आजोबा झेंडूला आळं करत होते. खुरप्याच्या मुठीला जुन्या सुती कापडाचा जाड बोळा गुंडाळलेला, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. उजव्या हाताची बोटं दुसऱ्या पेरापर्यंतच. मी हात चोळत बसलेली पाहून म्हणाले, ‘‘दुखते का जी ताई?’’

‘‘रोजच दुखतं.’’

‘‘बरं आहे. आमचं तर दुखतच नाही.’’

ही थट्टा कळायला मला जरा वेळ लागला. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात आणि कातडीची जाणीव जाते. चहाचा कप पोळतो ते कळत नाही, काटा रुततो ते कळत नाही. जखम चिघळते आणि बोट आखडत, झिजत जातं. रोगच बोटं खातो हा समज चुकीचा, हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं. ऐंशीच्या दशकात बहुविध औषधोपचार आल्यापासून हा रोग महिन्यांच्या हिशेबात बरा होतो. आजोबांचाही कधीच बरा झालाय. गेलेली बोटं तेवढी परत येत नाहीत.

अशाच हातांनी इथली पहिली विहीर खोदली गेली. भाजीपाला पिकला तेव्हा वरोऱ्यात तो कुणी घेईना. पुढे परदेशी तरुण स्वयंसेवक येऊन राहिले, रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून राबले, त्यांनी पिकवलेलं जेवले. ते पाहून गावाची भीड चेपली. नंतर बाबांचे चिरंजीव डॉ. विकास आमट्यांनी गाड्यांच्या टाकाऊ टायरांपासून बंधारे बांधले. पाणी अडलं, मुरलं. बागेचं कौतुक करणाऱ्यांनी हे बंधारे अवश्य पाहावेत. हातमागाच्या दुकानातून चादर घेऊन तासाभरात परत फिरणाऱ्या सहलीच्या बसेस पाहिल्या की मला हळहळ वाटते.

बाबांची स्वतःची पाठही कामातून गेली होती. मणक्याच्या दुखण्याने शेवटची कित्येक वर्षं त्यांना बसताच येत नसे. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं व्हायचं. तशा अवस्थेत १९८५ साली ते भारत जोडो यात्रेत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, बसमध्ये आडवे पडून. पुढे नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले. बाकाचं महत्त्व त्यांना माझ्याइतकं नसेलही, पण उभं राहून बाग पाहण्याचा आणि पडून आभाळ पाहण्याचा त्यांचा सराव दांडगा असणार. ९ फेब्रुवारी २००८ला ते गेले. त्यांचं दहन झालं नाही. आनंदवनातल्याच श्रद्धावनात त्यांना मातीत ठेवलं. तिथे जायची वाट सपाट आहे. मला दोनदा थांबावं लागलं, दोन्ही वेळा सावली होती.

परतताना आजोबा नळापाशी दिसले. काम आटपलं होतं. हात धुऊन ते दोन्ही तळवे उन्हाकडे धरून, एकेक पेर वळवून बघत होते: कुठे फोड, कुठे चीर. दुखत नाही म्हणून डोळ्यांनी शोधायचं. मग चपला काढून तळपाय. एका टाचेला बारीकसा काटा सापडला, तो त्यांनी मला दाखवला, जणू वाटाण्याच्या शेंगेत दाणा सापडावा तसा.

‘‘तुमचे पाहू,’’ म्हणाले.

मी हात पुढे केले. सांधे सुजलेले, बोटं एका बाजूला कललेली. त्यांनी अंगठ्याच्या कडेने हळूच दाबून पाहिलं, मी ‘आई गं’ म्हणाले, आणि ते खुशीत हसले.