गरोदरपणातली कंबरदुखी : साधी कोणती, धोक्याची कोणती?

पोट वाढतं तसा शरीराचा तोल पुढे जातो, कंबरेला बाक येतो. त्यात संप्रेरकांमुळे सांधेही सैल होतात. म्हणून संध्याकाळपर्यंत कंबर भरून येते. ही झाली साधी कंबरदुखी.

कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. बसताना पाठीला आधार घ्या. भरलेली बादली उचलू नका. रोज थोडं चाला. डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका.

पण ३७ आठवड्यांच्या आत कंबरेत थांबून थांबून कळा येत असतील, पोट कडक होत असेल, अंगावरून पाणी किंवा रक्त जात असेल, ताप किंवा लघवीला जळजळ असेल, तर ‘असं होतंच’ म्हणून थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.