ओव्हरड्राइव्ह : केव्हा लावावा, केव्हा सोडावा

मोटारगाडीत गिअर का बदलावे लागतात हे समजले, म्हणजे ओव्हरड्राइव्हचे प्रयोजन समजण्यास वेळ लागत नाही. एंजिनाची शक्ती दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते : आस फिरविण्याचा जोर आणि त्या आसाचे दर मिनिटाला होणारे फेरे. दंतचक्रांच्या साहाय्याने यांपैकी एक वाढवून दुसरी घटविता येते. दोन्ही एकाच वेळी वाढविता येत नाहीत. उभी गाडी हलविताना जोर फार लागतो, वेग थोडा पुरतो. म्हणून पहिल्या गिअरमध्ये एंजिनाचे तीन-चार फेरे व्हावेत, तेव्हा गिअरपेटीतून बाहेर पडणाऱ्या आसाचा एक फेरा होतो. वेग वाढेल तसतसे हे प्रमाण कमी करीत जावयाचे असते. चार गिअरांच्या जुन्या गाड्यांत चौथ्या गिअरला ते बहुधा एकास एक होई, म्हणजे एंजिन व बाहेरचा आस सारख्याच वेगाने फिरत. ही सरळ जोड होय.

ओव्हरड्राइव्ह ही याच्या पलीकडची पायरी. येथे बाहेरचा आस एंजिनाहून अधिक वेगाने फिरतो. समजा, चाकाचा परीघ २ मीटर असून गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर आहे. मिनिटाला १,५०० मीटर अंतर तोडण्यासाठी चाकाला ७५० फेरे घ्यावे लागतील. मागल्या आसावरील दंतचक्रांचे प्रमाण चारास एक असेल, तर सरळ जोडीत एंजिनाचे ३,००० फेरे होतील. ओव्हरड्राइव्हचे प्रमाण ०.८ असल्यास त्याच वेगासाठी २,४०० फेरे पुरतात. दर मिनिटाला ६०० फेरे वाचले. त्याबरोबर घर्षणात जाणारी शक्ती वाचली, आवाज उतरला आणि झीजही घटली.

इंधनाच्या बचतीचे आणखी एक कारण आहे. पेट्रोल एंजिनावर भार अल्प असतो, तेव्हा हवेच्या वाटेतील झडप बरीचशी मिटलेली असते. त्या अरुंद फटीतून हवा ओढून घेण्यातच एंजिनाची काही शक्ती खर्ची पडते. फेरे कमी केले, की तेवढेच काम करण्यासाठी झडप अधिक उघडावी लागते आणि हा अपव्यय कमी होतो.

ही योजना जुनी आहे. १९३४ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीच्या एअरफ्लो गाड्यांत ओव्हरड्राइव्ह मिळू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये कॅप्टन एडगर द नॉर्मनव्हिल यांच्या रचनेनुसार शेफील्डच्या लेकॉक कंपनीने गिअरपेटीच्या मागे जोडावयाचा एक स्वतंत्र संच तयार केला. ट्रायम्फ, एमजी, व्होल्व्हो इत्यादी अनेक गाड्यांत तो बसविला गेला. त्याच्या मध्यभागी एक सूर्यचक्र, भोवती ग्रहचक्रे आणि सर्वांना वेढणारे, आतून दाते असलेले वलयचक्र असते. सूर्यचक्र घट्ट धरून ठेवावे व ग्रहचक्रांची चौकट एंजिनाच्या बाजूने फिरवावी, म्हणजे वलयचक्र चौकटीपेक्षा जलद फिरते. उदाहरणार्थ, सूर्यचक्राला २० व वलयचक्राला ८० दाते असतील, तर चौकटीच्या एका फेऱ्याला वलयाचे सव्वा फेरे होतात. चालकाने एक खटका दाबला, की तेलाच्या दाबाने सूर्यचक्र जखडले जाई. क्लच दाबण्याची आवश्यकता नसे. मात्र ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी मागे नेल्यास हा संच मोडण्याचा संभव असे.

पुढे पाच व सहा गिअरांच्या पेट्या सर्वत्र रूढ झाल्या आणि स्वतंत्र संचाची गरज उरली नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत वरचा एखादा गिअर हाच ओव्हरड्राइव्ह असतो. काही स्वयंचलित गिअरपेट्यांत तो बंद करण्यासाठी वेगळे बटण दिलेले असते.

तो केव्हा लावावा? सपाट व मोकळा रस्ता, स्थिर वेग आणि बेताचे ओझे, ही त्याची योग्य वेळ होय. कारण वेग वाढविण्यास लागणाऱ्या जोरापेक्षा असलेला वेग टिकविण्यास लागणारा जोर पुष्कळ कमी असतो.

चढावर, जड ओझे ओढताना किंवा पुढची गाडी ओलांडताना तो सोडावा. ०.८ प्रमाणाचा अर्थच असा, की चाकांना मिळणारा जोर सरळ जोडीच्या मानाने एकपंचमांशाने घटतो. एंजिन धापा टाकू लागले, हादरे बसू लागले अथवा पेडल दाबूनही वेग उतरू लागला, की खालचा गिअर घ्यावा. कमी वेगात वरचा गिअर रेटल्याने बचत होत नाही, एंजिनावर मात्र ताण पडतो. स्वयंचलित पेटी चढावर वारंवार गिअर बदलू लागली, तर तिच्यातील तेल तापते. अशा वेळी ओव्हरड्राइव्ह बंद करणे हिताचे.

उतारावर तर हा प्रश्न प्राणांशी निगडित होतो. मुंबई-पुणे रस्त्यावरील बोरघाटात खोपोली व खंडाळा यांच्या उंचीत सुमारे ५०० मीटरांचा फरक आहे. १,२०० किलोग्रॅमची गाडी एवढी खाली उतरते, तेव्हा सुमारे ५९ लक्ष जूल ऊर्जा मोकळी होते. तीस अंश तपमानाचे २० लिटर पाणी उकळीस आणण्यास ती पुरेल! हवेचा व रस्त्याचा विरोध यातील काही भाग घेतो. उरलेला भाग एकट्या ब्रेकांवर टाकला, तर ते अतिशय तापतात, त्यांची पकड ढिली पडते, आणि ब्रेकचे तेल उकळल्यास पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. खालच्या गिअरमध्ये मात्र एंजिनाचे फेरे वाढतात आणि त्याचा विरोध दंतचक्रांमुळे गुणित होऊन चाकांना आवरून धरतो. ओव्हरड्राइव्हमध्ये हा लगाम अगदी सैल होतो. न्यूट्रलमध्ये तो सुटतोच.

न्यूट्रलमध्ये उतरल्याने इंधन वाचते, ही समजूत आजच्या गाड्यांच्या बाबतीत चुकीची आहे. गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर ॲक्सिलरेटर न दाबता धावत असली, म्हणजे आधुनिक एंजिनातील इंधनाचा पुरवठा बहुधा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र एंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे इंधन जाळावेच लागते.

तेव्हा नियम सोपा आहे. गाडीला केवळ वेग टिकवावयाचा असेल, तर ओव्हरड्राइव्ह लावावा. जोर लावावयाचा असेल किंवा वेग आवरावयाचा असेल, तर तो सोडावा. घाटाचा उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घेणारा चालक ब्रेक राखून ठेवतो, आणि ऐन प्रसंगी तेच त्याच्या उपयोगी पडतात.